नकाशातले घर, संगणकातले घर

डहाणू-तलासरीकडचे पारंपरिक वारली घर बांधायला कागद लागत नाही. खांब कुठे रोवायचा, आढे किती उंच ठेवायचे, कुडाला कारवी किती लागेल, हे सारे जाणत्याच्या डोक्यात एकत्र असते. खांब हातभर सरकवला, की कूड आणि छप्परही त्याच्या मनात लगेच बदलतात.

कागदी नकाशाचे तसे नाही. तेथे वरून दिसणारे घर, दर्शनी बाजू आणि छेद ही तीन स्वतंत्र चित्रे असतात. एका चित्रात खिडकी सरकवली आणि दुसऱ्यात राहून गेली, तर चूक कळते ती भिंत उभी राहिल्यावर. १९८२ साली ऑटोकॅड आले. पेन्सिल गेली, पण रेघ रेघच राहिली.

वास्तविक वेगळा विचार त्याआधीच झाला होता. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली सुचवले, की संगणकात रेघांऐवजी वस्तूच साठवाव्यात. भिंत म्हणजे लांबी, जाडी, उंची आणि साहित्य यांची नोंद. सगळी चित्रे त्या एकाच नोंदीतून काढायची. त्या काळचे संगणक मात्र या कामाला तोकडे होते. पुढे हंगेरीतील आर्किकॅडने १९८७ साली आणि अमेरिकेतील रेव्हिटने २००० साली ही कल्पना वास्तुरचनाकारांच्या टेबलावर आणली. हेच 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', म्हणजे 'बिम'. नागपूर मेट्रोने तीन मितींना वेळ आणि खर्च जोडून पाच मितींचे बिम वापरले.

या साधनावर झटपट काम करण्याच्या युक्त्या त्याच्या मर्यादांतून निघाल्या आहेत. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा शिळफाटा ते सीमेवरील झरोली हा टप्पा १३५ किलोमीटरचा असून तो डहाणू-तलासरीतून जातो. असा मार्ग मॉडेलमध्ये मांडायचा आहे असे समजा. पडद्यावर चित्र काढताना संगणक साधारण सातच अंक धरून हिशेब करतो. १३५ किलोमीटर मिलिमीटरमध्ये लिहायला नऊ अंक लागतात. शेवटचे दोन गळाले, की रेषा थरथरू लागतात. म्हणून मार्गाचे तुकडे करावेत, प्रत्येकाला जवळचा आरंभबिंदू द्यावा आणि मोजणीच्या खुणेपासूनचे त्याचे अंतर नोंदवून ठेवावे.

या मार्गावरचा ४० मीटरचा गर्डर सुमारे ९७० टनांचा. तो एकदाच नीट रचावा आणि जागोजाग त्याचीच उदाहरणे बसवावीत. मूळ बदलले, की सारे बदलते. प्रत्येक बोल्ट सुरुवातीलाच काढू नये, त्याने फाइल जड होते. नळ तुळईत तर घुसत नाही ना, ही तपासणी दर आठवड्याला करावी. पडद्यावरची चूक पुसता येते, काँक्रीटमधली फोडावी लागते.

पण मॉडेलला कळते ते भरलेलेच. पावसाळ्यात फुगणारा ओहोळ, शेतावर जाणारी पायवाट, पाड्याची विहीर नोंदवली नसेल, तर संगणक 'सारे ठीक' म्हणेल. ती माहिती गावात जाऊन, विचारूनच मिळते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. एका गटाला वर्गखोलीचा नकाशा आणि दुसऱ्याला छेद काढायला सांगा. मग खिडकी एक फूट सरकवायची आहे, असे फक्त पहिल्या गटाला कळवा. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की ईस्टमन यांचा प्रश्न मुलांना आपोआप समजेल.