तटस्थतेची किंमत : महायुद्ध, लिस्बन आणि मुरगाव बंदर

दुसऱ्या महायुद्धाची कथा आपल्याकडे लंडन, बर्लिन, मॉस्को आणि टोकियो या राजधान्यांतून सांगितली जाते. लिस्बनचे नाव तीत क्वचितच येते. वास्तविक कॅसलरॉकचा घाट उतरला की ज्यांचे राज्य सुरू होत असे, त्यांची ती राजधानी. सबंध ब्रिटिश हिंदुस्थान युद्धात ओढला गेला असताना घाटाखालचा गोवा मात्र कागदोपत्री तटस्थ होता. ही तटस्थता लिस्बनने कशी राखली आणि तिचे मोल कोणी दिले, हे आम्हा सीमाभागातील मंडळींना तरी ठाऊक असावयास हवे.

पोर्तुगालची सर्व सूत्रे तेव्हा अंतोनियो सालाझार या एकाच माणसाच्या हाती होती. कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचा हा प्राध्यापक १९२८ मध्ये अर्थमंत्री आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. १९३६ ते १९४७ परराष्ट्रखातेही त्याने स्वतःकडेच ठेवले. हुकूमशहा खराच, पण वृत्तीने हिशेबनीस. आमची हयात सरकारी दप्तरात गेली असल्यामुळे, टिपणातील प्रत्येक शब्द पुढे कोणाच्या अंगलट येईल हे पाहून मगच लेखणी उचलणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. सालाझार त्याच जातकुळीचा होता.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली, आणि त्याच दिवशी लिस्बनने आपली भूमिका जाहीर केली. इंग्लंडशी १३७३ पासून असलेला मैत्रीचा तह अबाधित आहे. परंतु इंग्लंडने साहाय्य मागितलेले नाही, सबब पोर्तुगाल तटस्थ राहील. एकाच निवेदनात मैत्रीही राखली आणि अंगही काढून घेतले! यामागची अडचण मात्र खरी होती. आफ्रिकेपासून तिमोरपर्यंत पसरलेल्या वसाहती ब्रिटिश आरमाराच्या मर्जीवर तगून होत्या, तर पाठीशी फ्रँकोचा स्पेन होता आणि यादवी युद्धातील मदतीमुळे तो जर्मनीच्या उपकाराखाली दबलेला होता. पोर्तुगाल इंग्रजांच्या बाजूने उतरला असता तर स्पेन जर्मनीकडे गेला असता, आणि मग जिब्राल्टरही धोक्यात आले असते. त्यामुळे पोर्तुगालने स्वस्थ बसावे हेच इंग्लंडलाही तूर्त सोयीचे होते.

स्वस्थ बसण्यातही व्यापार होता. रणगाडाभेदी गोळ्यांसाठी आणि कठीण पोलादासाठी लागणारे टंगस्टन पोर्तुगालच्या डोंगरांत मुबलक होते. ते दोन्ही पक्षांना विकले गेले, आणि जर्मनीकडून त्याचे मोल सोन्यातही आले. ही निर्यात पूर्णपणे थांबली ती जून १९४४ मध्ये, म्हणजे युद्धाचा कौल स्पष्ट दिसू लागल्यावर.

तटस्थतेची खरी परीक्षा वसाहतींत झाली. १७ डिसेंबर १९४१ रोजी ऑस्ट्रेलियन व डच फौजा पोर्तुगीज तिमोरमध्ये उतरल्या. जपान येण्यापूर्वी आपण तेथे असावे, एवढाच त्यांचा युक्तिवाद. मित्रांनीच तटस्थता मोडली म्हणून सालाझारने कडक निषेध केला. त्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि युद्ध संपेपर्यंत राहिले. त्या काळात तेथील चाळीस ते सत्तर हजार रहिवासी उपासमारीने आणि अत्याचारांनी मेले, असा अंदाज दिला जातो. लिस्बनमध्ये तेव्हाही शांतता होती. पोर्तुगालच्या शहाणपणाची स्तुती करणाऱ्या ग्रंथकारांनी हा आकडा जमाखर्चाच्या कोणत्या बाजूला मांडला, हे आम्हाला कधी उमगले नाही.

पुढे ऑगस्ट १९४३ मध्ये अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर इंग्रजांना तळ देण्याचा करार झाला. ऑक्टोबरात चर्चिल यांनी तो पार्लमेंटपुढे ठेवला, तेव्हा आधार सांगितला तो १३७३ च्या तहाचाच. तळाच्या मोबदल्यात सालाझारने एक आश्वासन पदरात पाडून घेतले होते. पोर्तुगालच्या वसाहतींवरील सार्वभौमत्वाचा इंग्लंड आदर राखील, असे ते आश्वासन. वसाहतींत अर्थातच गोवाही आला.

आणि गोव्यात त्याच वर्षी काय चालले होते? एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आनफोरा हे इटालियन जहाज मुरगावच्या आश्रयाला येऊन पडली होती. एरेनफेल्सवरील बिनतारी यंत्रावरून हिंदी महासागरातील जर्मन पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या स्वयंसेवक पथकातील काही उतारवयाचे व्यापारी व कारकून एका जुनाट बार्जमधून बंदरात शिरले आणि त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला चढवला. जर्मन खलाशांनी जहाज स्वतःच बुडवले, आणि ते पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांची तीच गत झाली. तटस्थ बंदरावर इंग्रजांनी घाला घातला, हे मात्र दडवून ठेवण्यात आले. जेम्स लीझर यांच्या १९७८ च्या पुस्तकाने ते सर्वतोमुखी केले. त्यावरचा ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल; त्यात करमणूक इतिहासापेक्षा अधिक आहे.

त्याच मुरगावात सात महिन्यांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, तटस्थता अगदी खरीखुरी उपयोगी पडली. जपानचे तेया मारू आणि स्वीडनचे ग्रिप्सहोम ही जहाजे तेथे धक्क्याला लागली, आणि शत्रुप्रदेशांत अडकलेल्या दोन्हीकडच्या सुमारे दीड-दीड हजार नागरिकांची अदलाबदल झाली. स्त्रिया, मुले, मिशनरी, व्यापारी असे लोक गोव्याच्या भूमीवरून आपापल्या घरच्या वाटेला लागले.

स्वतः गोमंतकीयांना यातील काहीच विचारले गेले नव्हते. १९४६ च्या जूनमध्ये मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा सहा वर्षांच्या तटस्थतेतून तगलेली तीच राजवट त्यांना अटक करावयास हजर होती. तिला आणखी पंधरा वर्षे मिळाली. १९६१ मध्ये भारताने हालचाल सुरू केली तेव्हा सालाझारने पुन्हा जुना तह बाहेर काढला आणि लंडनकडे मदत मागितली. कॉमनवेल्थच्या सदस्य राष्ट्राविरुद्ध इंग्लंडला शस्त्र धरता येणार नाही, असा निर्वाळा मिळाला. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.