पास्क्विनेड

पास्क्विनेड : सार्वजनिक जागी निनावी डकवलेला, सत्ताधाऱ्यांचे नाव घेऊन वाभाडे काढणारा उपहासलेख, बहुधा पद्यात आणि थोडक्यात आटोपणारा. मूळ इटालियन ‘पास्क्विनाता’. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे आला.

शब्दाला नाव दिले ते रोममधल्या एका मोडक्या पुतळ्याने. पंधराव्या शतकात पियात्सा नवोनाच्या परिसरात सापडलेला हा पुतळा कार्डिनल ओलिव्हिएरो काराफा याने १५०१ मध्ये जवळच्याच एका कोपऱ्यावर उभा केला. त्याला हात नाहीत, चेहरा झिजून सपाट झालेला. पॅट्रोक्लसचे प्रेत सावरणारा मेनेलॉस, असे हे शिल्प असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमकरांनी मात्र त्याला पास्क्विनो म्हटले. हा पास्क्विनो म्हणजे शेजारचा तिखट जिभेचा शिंपी, न्हावी की शाळामास्तर, यावर एकमत नाही. शिंप्याची कथा सर्वाधिक सांगितली जाते. तिला आधार ऐकीवच.

सुरुवात सोज्वळ होती. २५ एप्रिलला, संत मार्कच्या सणाला, पुतळ्याला पौराणिक सोंग चढवायचे आणि पढीक मंडळींनी त्यावर लॅटिन कविता लावायच्या, असा रिवाज होता. १५०९ मध्ये त्यांचा संग्रहही छापला गेला. पुढे सण बाजूला राहिला आणि रात्रीतून पोप व कार्डिनलांच्या नावाने कागद लागू लागले. चिडलेल्या सहाव्या एड्रियनने पुतळा टायबर नदीत फेकायचे ठरवले. पण तळाशी गेला तर बेडकासारखा आणखी जोराने ओरडेल, असे सांगून त्याला परावृत्त केले, अशी आख्यायिका आहे. शहरात मार्फोरिओ नावाचा दुसरा ‘बोलका पुतळा’ होता. एकावर प्रश्न लागे, दुसऱ्यावर उत्तर. सर्वांत गाजलेली कोटी आठव्या अर्बनवरची. या बार्बेरिनी घराण्यातील पोपने पँथिऑनच्या देवडीचे कासे काढून बहुतांशी तोफा ओतल्या, तेव्हा रानटी टोळ्यांनाही जे जमले नाही ते बार्बेरिनींनी करून दाखवले, असा टोला कोणीतरी हाणला. ‘बार्बारी’ आणि ‘बार्बेरिनी’ यांतील नादसाम्य हीच त्यातली मेख.

इंग्लंडमध्ये ‘पास्क्विल’ हे रूप आधी रुळले. १५८९ च्या सुमारास धर्मवादातल्या पत्रकांवर ते टोपणनाव म्हणून झळकले. हल्ली इंग्रजी लेखक कोणत्याही बोचऱ्या मजकुराला पास्क्विनेड म्हणतात. तो वापर सैल आहे. निनावीपण आणि चव्हाटा ही या प्रकाराची दोन्ही अंगे. खाली सही असलेल्या अग्रलेखाला हा शब्द लावू नये.