सोमवारची आरती आणि 'आप'

शिरपूर हे अरुणावतीकाठचे गाव. उत्तरेस सातपुडा, त्याच्या पायथ्याशी भिल्ल व पावरा बांधवांची वस्ती. पश्चिमेकडे शहादे आणि तळोदे. हा सारा पट्टा इंग्रजी अमदानीत पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. व्यसनमुक्ती ही शहरातील सुशिक्षितांनी खेड्यात न्यावयाची गोष्ट आहे, असा आपला समज असतो. या पट्ट्याचा इतिहास चाळताना आम्हांला तो समज सोडावा लागतो.

मोहाची दारू येथे घरोघरी गाळली जाई. जन्म, लग्न, देवकार्य यांत तिला मान होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि आदिवासी मक्तेदाराच्या दुकानी जाऊ लागला. देवाच्या नैवेद्याची वस्तू आता रोखीने वा उधारीने घ्यावी लागे. सरकारला महसूल मिळाला; पिणाऱ्याच्या पदरी कर्ज आले.

याला पहिले मोठे उत्तर १९२२ मध्ये मिळाले. पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत सुरू झालेली देवीची चळवळ डोंगर चढून दक्षिण गुजरातेत पसरली. दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, असा देवीचा हुकूम अंगात आलेल्यांच्या मुखातून येई.

पुढे १९३७-३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज उभे राहिले. ते स्वतः भिल्ल समाजातले. दर सोमवारी आरतीस हजारो माणसे जमत. दारू सोडावी, स्वच्छ राहावे आणि परस्परांना 'आप' म्हणावे, एवढीच त्यांची शिकवण. जन्मभर 'अरे-तुरे' ऐकलेल्या माणसाला आपल्याच माणसाने 'आप' म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्याला स्वतःची किंमत कळली, त्याला प्याला दूर सारण्याचे बळ आले. १९३८ मध्ये महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले.

१९७२ मध्ये शहाद्यास श्रमिक संघटना स्थापन झाली. लढा मजुरीचा आणि जमिनीचा होता. परंतु नवऱ्याची मारझोड सोसणाऱ्या आदिवासी स्त्रियांनी त्यात आपला प्रश्न आणला. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली.

या तिन्ही प्रसंगी भाषा निराळी होती: एकदा देवीची, एकदा आरतीची, एकदा संघटनेची. परंतु कोणीही एकटा दारू सोडीत नव्हता. गुत्त्यावर मिळणारी सोबत सोडताना त्याला दुसरी सोबत मिळत होती. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा; तो दुकान बंद करू शके, सोबत देऊ शकत नसे.

आज व्यसन हा मनाचा आजार मानला जातो आणि ते योग्यच आहे. औषध व समुपदेशन हवेच. तरीही उपचार घेऊन परतलेल्या माणसाची संध्याकाळ कोठे जाणार, हा प्रश्न उरतो. गावात आणि वस्तीत कार्यक्रम आखणाऱ्यांनी व्याख्यानाच्या तारखेआधी त्या संध्याकाळचा विचार करावा, असे आम्हांला वाटते. मोरवडला तो सोमवारपुरता तरी केलेला होता.