कवट्यांनीं सांगितलेली दांतांची गोष्ट

महारोग किंवा रक्तपिती म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें झडलेलीं बोटें येतात. दांत कोणाला आठवत नाहींत. खुद्द वैद्यकालाही ते नीट दिसले ते फार उशीरां, आणि तेही थडग्यांतल्या कवट्यांवरून!

डेन्मार्कमध्यें नेस्टवेड गांवाजवळ मध्ययुगांत सेंट जॉर्जच्या नांवाचें एक कुष्ठधाम होतें. त्याची दफनभूमि १९४८ सालीं डॉ. म्योलर-क्रिस्टेन्सेन यांनीं उकरण्यास घेतली. हे गृहस्थ पेशानें साधे डॉक्टर, पण जुनीं हाडें वाचण्याचा त्यांना विलक्षण नाद. मातींतून निघालेल्या कवट्यांवर त्यांना एकच खूण पुन्हा पुन्हा आढळली. नाकाच्या तळाशीं असणारा हाडाचा लहानसा कांटा झिजून गेलेला, आणि त्याच्या खालीं, वरच्या जबड्याच्या समोरच्या दांतांना धरून ठेवणारें हाडही विरलेलें. १९५२ सालीं त्यांनीं नॉर्वेंतील सहकाऱ्यांसह जिवंत रोग्यांतही हीच झीज दाखवून दिली.

समोरचेच दांत कां? या रोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. श्वासाच्या वाऱ्यानें नाक आणि त्यालगतचा जबडा थंड राहतो. जंतु तेथें ठाण मांडतात आणि हाड आंतून ओसरूं लागतें. दाढांचें हाड मागें, उबेंत असतें.

यांत भर पडते बधिर हातांची. वांकडीं बोटें ब्रश धरीत नाहींत. हिरड्यांची संवेदनाही कित्येकदां मंदावते, म्हणून दुखणें उशीरां कळतें. (दांडीवर चिंधी गुंडाळून ती जाड केली, तर पुष्कळांना स्वतः दांत घांसतां येतात, उपाय अगदीं घरगुती आहे.)

आणि कळलें तरी जावें कोठें? आपल्याकडे १८९८ च्या कायद्यानें निराधार महारोग्याला पकडून डांबून ठेवतां येत असे. तो कायदा रद्द झाला २०१६ सालीं! वस्तुतः १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलेल्या बहुविध औषधांनीं रोग बरा होतो, आणि उपचार सुरू होतांच संसर्गाची भीतिही लवकरच सरते. पण दंतवैद्याच्या दारांतली भीति तितक्या लवकर सरत नाहीं.

गेलेलें हाड मात्र औषधानें परत येत नाहीं. अशा जबड्यावर कवळी बसविणें मोठें कसबाचें काम. त्यासाठीं त्या माणसाला एकदां नव्हे, अनेकदां खुर्चींत बसवून घ्यावें लागतें.