१८८ नावं आणि एक व्हिसा

ऑनसाइटवरून आलेल्यांना शेंगेन व्हिसाचं भारी कौतुक. पासपोर्टवर एक स्टिकर, की पॅरिस, रोम, झुरिक फिरा! पण याच स्टिकरचं स्वित्झर्लंडनं एकदा चक्क हत्यार केलं होतं.

१५ जुलै २००८. लिबियाच्या कर्नल गद्दाफीचे चिरंजीव हॅनिबल आणि त्यांची बायको यांना जिनिव्हाच्या पोलिसांनी हॉटेलातून उचललं. आरोप, नोकरांना मारहाण. दोन दिवसांत जामीन झाला, पण कर्नलसाहेब भडकले ते भडकलेच. चारच दिवसांत त्रिपोलीत दोन स्विस व्यावसायिक आत! कारण काय, तर म्हणे व्हिसाचे नियम मोडले. थोड्या दिवसांनी तुरुंगातून सुटले, पण देश सोडायला बंदी. मुक्काम वकिलातीत. (नोकरांनी तक्रार सप्टेंबरातच मागे घेतली होती. असो.)

ऑगस्ट २००९ मध्ये स्विस राष्ट्राध्यक्ष मेर्त्स स्वतः जाऊन माफी मागून आले. परतले हात हलवत. वर पुढच्याच महिन्यात डॉक्टरी तपासणीच्या नावाखाली त्या दोघांना बाहेर बोलावलं आणि गायब केलं, ते थेट नोव्हेंबरपर्यंत.

आता गंमत बघा. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आलं होतं. शेंगेनचा डेटाबेस सगळ्यांचा एकच. एका देशानं नाव टाकलं की तेव्हाच्या २५ देशांचं दार बंद. स्विस लोकांनी गद्दाफी कुटुंबासकट १८८ बड्या लिबियन मंडळींची नावं टाकली. फेब्रुवारी २०१० मध्ये लिबियानं उलट सगळ्याच शेंगेनवाल्यांचे व्हिसा बंद केले.

माझ्या मते खरी चाल इथेच लागू पडली. यादीनं गद्दाफीपेक्षा शेजाऱ्यांना जास्त चिमटा बसला. इटलीचं तेल आणि गॅस लिबियातून यायचं; त्यांचे परराष्ट्रमंत्री म्हणाले, स्वित्झर्लंड आम्हाला ओलीस धरतंय! पण त्यामुळे दोघांचं भांडण युरोपचं झालं आणि स्पेन मध्यस्थीला बसला. मार्चमध्ये यादी मागे घेतली, युरोपियन युनियननं खेदही व्यक्त केला, आणि लिबियानं व्हिसा सुरू केले.

आणि माणसं? एकजण फेब्रुवारीतच सुटला होता. दुसऱ्याला मात्र चार महिन्यांची शिक्षा भोगायला वकिलातीतून बाहेर यावं लागलं, आणि यादी उठल्यावरही तो आतच होता. जून २०१० मध्ये घरी पोचला, तेव्हा साडेतीन महिने भोगून झाले होते.