बीटी कपाशी आणि स्प्लायसिंगची राहून गेलेली गोष्ट

आमच्या शेवगावात बीटी म्हटलं की बियाण्याची पिशवी आठवते, बोंडअळी आठवते. स्प्लायसिंग कुणालाच आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं. एमएस्सीच्या माझ्या नोट्समध्ये दोन ओळी होत्या: जिवाणूचं क्राय जनुक वनस्पतीत नीट चालेना, कारण कोडॉनची पसंती वेगळी, कोडॉन बदलले आणि काम झालं. पीएचडीला जुने पेपर वाचायला घेतले तेव्हा कळलं की ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी केंद्रकात घडते.

1977 तुम्हाला पाठ असेलच. शार्प आणि रॉबर्ट्स यांच्या गटांनी अडेनोव्हायरसमध्ये दाखवलं की जनुक तुकड्यातुकड्यांत असतं. मधले इंट्रॉन कापले जातात आणि एक्झॉन जोडले जातात. 1993 मध्ये त्यावर नोबेल मिळालं. वनस्पतींतही इंट्रॉन आहेत, सुरुवातीला जीयू आणि शेवटी एजी अशाच खुणा आहेत. मग यंत्रणाही तीच असणार, असं वाटणं साहजिक होतं.

1986 मध्ये त्याला धक्का बसला. माणसाच्या वाढ-संप्रेरकाचं जनुक तंबाखूच्या पेशीत घातलं, तर इंट्रॉन कापलेच गेले नाहीत. त्याच वर्षी गव्हाचं जनुक तंबाखूत घालून पाहिलं, तर तिथेही काम अर्धवट. गहू काही माणूस नव्हे, तरी तंबाखूला त्याचा इंट्रॉन नीट ओळखता येईना! म्हणजे टोकाच्या खुणा पुरेशा नव्हत्या. 1989 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गुडॉल आणि फिलिपोविच यांनी कृत्रिम इंट्रॉन बनवून एकेक गोष्ट बदलून पाहिली. उत्तर निघालं ते असं: वनस्पतीला इंट्रॉनच्या अंगभर ए आणि यू भरपूर लागतात. आजूबाजूच्या एक्झॉनपेक्षा तो भाग वेगळा दिसला की पेशी त्याला इंट्रॉन समजते.

आता बीटीकडे या. क्राय जनुक जिवाणूचं, त्यात इंट्रॉन नाहीच. पण त्यात जी-सीचं प्रमाण जेमतेम 37 टक्के, बाकी सगळं ए आणि टी. वनस्पतीच्या नजरेत हे कसं दिसेल? 1995 मध्ये तंबाखूवर झालेल्या कामात ते दिसलं: त्या आरएनएतले काही भाग पेशीने इंट्रॉन समजून चक्क कापून टाकले होते. शिवाय एए-यूच्या रांगांमुळे आरएनए मधेच संपणं, लवकर नष्ट होणं हेही होतंच. त्याआधी 1991 मध्ये मोन्सँटोच्या पर्लाक आणि सहकाऱ्यांनी प्रथिन तेच ठेवून जनुक नव्याने लिहिलं होतं. जी-सी 49 टक्क्यांवर गेलं आणि तंबाखू-टोमॅटोत प्रथिन 100 पटीपर्यंत वाढलं. मार्च 2002 मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तीही अशाच नव्याने लिहिलेल्या जनुकाची.

इथे थांबून विचार करा. कोडॉन बदलला की ए-टीचं प्रमाणही बदलतं. मग 100 पट कशामुळे? भाषांतर सुधारलं म्हणून, की आरएनए शाबूत राहिला म्हणून? दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर एकीला श्रेय देता येत नाही. माझ्या नोट्समधल्या त्या दोन ओळींनी नेमकं तेच केलं होतं.

बरं, ए-यू ओळखतं कोण? 2000 मध्ये फिलिपोविच यांच्याच प्रयोगशाळेने यूबीपी1 हे प्रथिन शोधलं. ते यूच्या रांगांना चिकटतं आणि कमकुवत इंट्रॉन कापायला मदत करतं. दुसरं कुटुंब एसआर प्रथिनांचं. माणसात ती 12 आणि अ‍ॅराबिडॉप्सिससारख्या इवल्याशा रोपात 18. खुणा कमकुवत असल्या की कापायचं की ठेवायचं हे अशा फॅक्टरच्या प्रमाणावर ठरतं. पर्यायी स्प्लायसिंगचा पाया हाच. म्हणूनच बहुधा वनस्पतींत सर्वाधिक दिसतो तो न कापता राहिलेला इंट्रॉन. प्राण्यांत मात्र एक्झॉन वगळला जाणं जास्त. गंमत म्हणजे हे फॅक्टर स्वतःही त्यातून सुटत नाहीत. अ‍ॅराबिडॉप्सिसमधल्या एसआर1चा स्वतःचाच आरएनए तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात कापला जातो, हे 2000 मध्ये दिसलं. एसआर45ची दोन रूपं जेमतेम सात-आठ अमिनो आम्लांनी वेगळी. पण 2009 च्या प्रयोगात एकाने पाकळ्यांचा दोष दुरुस्त केला, दुसऱ्याने मुळांचा.

सिनॉप्सिस लिहिताना मात्र जपून. एखादा फॅक्टर काढून टाकला आणि आरटी-पीसीआरच्या जेलवर दोन पट्ट्यांचं प्रमाण बदललं, एवढ्यावरून 'हा फॅक्टर या जनुकाचं स्प्लायसिंग नियंत्रित करतो' असं लिहू नका. तो बदल दुसऱ्या एखाद्या फॅक्टरमार्फत आलेला असू शकतो. प्रथिन त्या आरएनएला खरंच चिकटतं का, ते दाखवावं लागतं. आणि काम कपाशीवर असेल तर आणखी एक कटकट आहे: आपल्याकडच्या बीटी कपाशीत ए आणि डी असे दोन जनुकसंच एकत्र असतात, त्यामुळे बहुतेक जनुकाच्या किमान दोन प्रती. प्रायमर दोन्हींना लागला, तर जेलवरची दुसरी पट्टी पर्यायी रूपाची की दुसऱ्या प्रतीची, हे जेल सांगत नाही. माझे पहिले सहा महिने त्यातच गेले.