भंगारातील मोटारींचा कालनिर्णय : दिल्लीच्या संदर्भात

पोथीचा काळ ठरवताना रचनाकाल आणि लेखनकाल यांत भेद करावा लागतो, हे मराठीच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची, एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये. हाती आलेले हस्तलिखित या दोहोंनंतरचेही असू शकते. यंत्रयुगातील अवशेषांनाही हाच विवेक लागू पडतो. उकिरड्यातून वा भंगारातून निघालेल्या मोटारीच्या सुट्या भागाला निदान तीन तारखा असतात : तो घडला ती, तो गाडीवर चढला ती आणि तो टाकला गेला ती.

दिल्लीत या तीन तारखांमधील अंतर विशेष मोठे आढळते. परवाना-नियंत्रणाच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीत जाऊन पुन्हा चाले. पश्चिम दिल्लीतील मायापुरीचा भंगार बाजार याच पुनर्वापरावर वाढला. गाझीपूरच्या कचराभूमीवर कचरा टाकणे १९८४ मध्ये सुरू झाले. तेथे १९६१चा डायनॅमो निघाला तरी तो टाकला गेला १९८४ नंतरच. थराचा काळ त्यातील सर्वांत जुन्या नव्हे, तर सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून ठरतो, हा पुरातत्त्वाचा नियम येथेही पाळावा लागतो.

घडणीच्या तारखेचा सर्वांत सबळ पुरावा म्हणजे धातूवर ठोकलेला आकडा. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनॅमोंवर व डिस्ट्रिब्युटरांवर महिना आणि वर्ष ठोकलेले आढळतात. त्याखालोखाल नावांचा पुरावा. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये मिळाले. तेव्हा हे नाव असलेली पट्टी त्याआधीची असू शकत नाही. बंगळूरची ‘मायको’ २००८ मध्ये ‘बॉश’ झाली. भागावरील पत्त्यात ‘चेन्नई’ असेल तर तो १९९६पूर्वीचा मानणे कठीण; मात्र ‘मद्रास’ असल्याने तो जुनाच ठरतो असे नाही, कारण जुने साचे पुढेही वापरात राहू शकतात. नवे नाव काळाची आधीची मर्यादा निश्चित करते. जुने नाव नंतरची मर्यादा तितक्या खात्रीने सांगत नाही.

ओळख आणि कालनिर्णय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. फियाटच्या बोल्टचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, तर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या ॲम्बॅसडरचे इंचाच्या मापाचे. एकट्या बोल्टवरून गाडीचे कुळ कळते, वर्ष कळत नाही. इंजिन अधिक बोलके असते : ॲम्बॅसडरचे आरंभीचे बाजूच्या झडपांचे इंजिन १९५९ मध्ये जाऊन वर झडपा असलेले इंजिन आले. तथापि जुन्या सांगाड्यात नवे इंजिन बसवण्याची पद्धत सर्रास असल्याने इंजिनाचे वर्ष म्हणजे गाडीचे वर्ष नव्हे.

हा केवळ हौशी संग्राहकांचा प्रश्न राहिलेला नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या व मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र दर्जा दिला. वर्ष आणि मूळपण यांना त्यामुळे कायदेशीर मोल आले. दुसरीकडे, राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरल्यानंतर गाड्या भंगारात जाण्याचे प्रमाण वाढण्यास कारण मिळाले. भट्टीत धातू परत मिळतो. त्यावर ठोकलेला आकडा परत मिळत नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीचा इतिहास लिहिताना भागधारकांचे अहवाल उपयोगी पडतील. पण कुर्ल्यात घडलेला भाग दिल्लीत किती वर्षे आणि किती गाड्यांतून चालला, हे त्यांत सापडणार नाही. ते भंगारातच वाचावे लागते. म्हणून तोडणीपूर्वी नावपट्टी, ठोकलेले आकडे आणि सापडल्याची जागा यांची छायाचित्रांसह नोंद ठेवणे ही किमान अपेक्षा आहे. जागेची नोंद नसलेला भाग हा पुष्पिका फाटलेल्या पोथीसारखा असतो : वाचता येतो, परंतु कोणाकडून कोणाकडे गेला ते सांगत नाही.